स्केलिंगनंतर पडलेला तुकडा दाताचा की कीटणाचा? खरी इजा झाली हे ओळखायचं कसं?

कोयनाकाठ
मावशीसाठी विचारतोय. गाव कराडजवळ. वय ५४, पंचवीसेक वर्षं मिश्री, सहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू आहेत. दात पहिल्यांदाच साफ (स्केलिंग) करून घेतले, एकाच बैठकीत, मशिननं. आधी एक्स-रे काढला नाही, हिरड्यांचं मोजमापही नाही. आज नववा दिवस. आत्ताची स्थिती अशी:

१) खालच्या पटाशीच्या दातांमागं जीभ फिरवली की फटी लागतात. आधी तिथं सपाट लागायचं.
२) गार पाणी, ताक, चिंचेचं सार, सगळ्यानं दात शिवशिवतात. दोन-चार सेकंदांत थांबतं.
३) त्याच खालच्या दातांतले मधले दोन हलतात.
४) वरच्या उजव्या मोठ्या दाढेनं भाकरी चावताना कळ येते. त्या दाढेत जुनी चांदी भरलेली आहे.
५) खालच्या डाव्या सुळ्याच्या मुळाशी नखाला खरखर लागते.
६) चूळ भरताना तांदळाच्या कणीएवढा तुकडा पडला. मावशीनं तो कागदात गुंडाळून ठेवलाय. तिचं म्हणणं, दाताचा टवका उडालाय.

घरातले सगळे म्हणताहेत की मशिननं दात खिळखिळे केले. यातलं नेहमीचं काय आणि इजा कोणती, हे मला वेगळं करून हवंय. परत त्याच ठिकाणी न्यायचं की दुसरीकडं दाखवायचं, तेही त्यावरच ठरेल.

अजिंक्यतारा
साताऱ्यात दातांचीच प्रॅक्टिस आहे. आधी तो तुकडा बघू.

उन्हात धरा. कीटण असेल तर रंग पिवळट, तपकिरी किंवा काळपट असतो, मिश्रीवाल्यांत तर हमखास गडद. चकाकी नसते. एक बाजू ओबडधोबड, सच्छिद्र. दुसरी बाजू गुळगुळीत आणि किंचित खोलगट, कारण ती दाताला चिकटलेली होती आणि दाताचा साचा तिच्यावर उमटलेला असतो. टाचणीनं कोपरा खरवडला तर भुगा पडतो. इनॅमलचा, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थराचा, टवका पांढरट, काचेसारखा, कडेला अर्धपारदर्शक आणि धारदार असतो. टाचणी त्यावरून घसरते.

तिसरी शक्यता लोक विसरतात: जुन्या फिलिंगचा तुकडा. करडा-काळा आणि खरवडल्यावर धातूसारखा चमकला, तर ती चांदी. मावशींच्या दाढेत चांदी आहे आणि तीच दाढ चावताना दुखतेय, म्हणून हे आवर्जून बघा.

खरवडताना एकच कोपरा घ्या. बाकी तुकडा जपून ठेवा, तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवायचाय.

माणदेशी
तुकडा लिंबाच्या रसात टाकून बघितला तर? कीटण विरघळेल, दात नाही विरघळणार.

अजिंक्यतारा
@माणदेशी, नाही. दोन्ही मुळात कॅल्शियम-फॉस्फेटच. आम्लात दोन्ही झिजतात, त्यामुळं त्यातून काही कळणार नाही आणि हातातला पुरावा मात्र जाईल. याच कारणासाठी लिंबू-सोडा लावून घरी कीटण काढायचे जे व्हिडिओ फिरतात, तेही करू नका. कीटणाच्या आधी हिरडीशेजारचं पातळ इनॅमल आणि उघडं मूळ झिजतं.

हिरडीतज्ज्ञ_मिरज
कोयनाकाठ, तुम्ही सहा गोष्टी सुट्या करून लिहिल्यात ते फार बरं केलंत. 'दात दुखतात' एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.

१, २ आणि ३ या तिन्हींचं मूळ एकच आहे, आणि ते नीट समजलं की घरातल्यांची निम्मी भीती जाईल.

खालच्या पटाशीच्या दातांमागं, जिभेखाली, लाळग्रंथींच्या नळ्या उघडतात. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. दातावरचा मऊ थर, म्हणजे प्लाक, एक-दोन दिवस निघाला नाही की त्यात हे क्षार बसायला लागतात, आणि पंधरवड्याच्या आत त्याचं दगडासारखं कीटण झालेलं असतं. म्हणून ते सगळ्यात जास्त दोन जागी साठतं: खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या मोठ्या दाढांची गालाकडची बाजू. गालातल्या ग्रंथीची नळी त्या दाढांसमोरच उघडते.

पंचवीस वर्षांत हे कीटण एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत सलग पसरतं, बंधाऱ्यासारखं. त्याच्या आड हिरडी खाली सरकत जाते आणि दाताला धरणारं हाड झिजत जातं. दात आधीच ढिले झालेले असतात, पण बंधाऱ्यानं एकमेकांना बांधलेले असल्यामुळं हलताना जाणवत नाहीत. बंधारा काढला की फट दिसते, मूळ उघडं पडतं, दात हलतो. मशिननं फट पाडलेली नसते. तिथली हिरडी आणि हाड आधीच गेलेलं असतं, ते आता उघड्यावर आलं. शिवाय सुजलेली हिरडी आठवडाभरात ओसरून आवळते, त्यामुळं फट पहिल्या दिवसापेक्षा आठव्या दिवशी मोठी वाटू शकते.

मिश्रीचं एक वेगळं सांगतो. तंबाखूतल्या निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत पोचलेला असूनही हिरडीतून रक्त येत नाही, माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. शिवाय भाजलेल्या तंबाखूची पूड बोटानं रोज घासल्यानं दाताच्या मानेशी आडव्या खाचा पडतात. त्या कीटणाखाली झाकलेल्या असतात. स्वच्छ झाल्यावर दिसल्या की दोष मशिनवर जातो.

पण हे सगळं मावशींना कीटण काढायच्या आधी सांगायला हवं होतं. मोजमाप नाही, एक्स-रे नाही, 'फटी पडतील, थोडे दिवस हलतील' हे सांगणं नाही. माझ्या मते ही इथली खरी चूक आहे, आणि ती लहान नाही. पंचवीस वर्षं साठलेलं, हिरडीखालीही गेलेलं कीटण एका बैठकीत निघतही नाही. दोन ते चार बैठका, हिरडीखालचं काम गरजेप्रमाणं भूल देऊन, असं ते करायचं असतं.

४ आणि ५ मात्र वेगळे आहेत. त्यांच्यावर 'सगळ्यांनाच होतं' असं म्हणून पडदा टाकू नका.

कोयनाकाठ
धन्यवाद सर. तुकडा बघितला. तपकिरी, एक बाजू खरंच वाटीसारखी गुळगुळीत, टाचणीनं भुगा पडला. म्हणजे कीटणच म्हणायचं. आता ४ आणि ५ बद्दल सांगा. मशिन दाताला इजा करतच नाही का?

स्केलर_दुरुस्ती
सांगलीत डेंटल मशिन दुरुस्तीचं काम करतो. मशिनच्या बाजूचं लिहितो, दाताचं डॉक्टर मंडळी सांगतीलच.

स्केलरची, म्हणजे कीटण काढायच्या मशिनची, टिप गोल फिरत नाही, ड्रिलसारखी तर नाहीच. ती थरथरते. सेकंदाला साधारण २५ ते ५० हजार वेळा, आणि हेलकावा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी पिएझो मशिन असतात. त्यात टिप सरळ रेषेत पुढंमागं हलते, म्हणून तिच्या दोन बाजूच कामाच्या. टोक दातावर उभं रोवलं तर तेच हेलकावे हातोडीसारखे बसतात.

बिघडतं कुठं? पहिलं पाणी. पाण्याचे तुषार टिपच्या टोकापर्यंत पोचायला हवेत, मिनिटाला २०-३० मिली तरी. आपल्याकडच्या जड पाण्यानं नळीत आणि हँडपीसमध्ये क्षार बसतात, धार कमी होते, आणि बसलेल्या माणसाला ते कळतही नाही. पाणी कमी म्हणजे दात तापणार. दुसरं झिजलेली टिप. टोक १ मिमी झिजलं की मशिनची ताकद सुमारे पाव भाग कमी होते, २ मिमीला निम्मी. टिपबरोबर कंपनी मोजायचं कार्ड देते, त्यावर ठेवलं की लगेच कळतं. झिजलेली टिप बदलायच्या ऐवजी पॉवर वाढवून हात दाबला जातो आणि ओरखडे तिथंच पडतात. तिसरं, टिप पूर्ण आवळलेली नसणं. त्याचा आवाज वेगळाच येतो, कर्कश, खडखडल्यासारखा.

तासगाव_हायजिनिस्ट
वरच्याला जोडून हाताचं सांगते. टिप दाताला जवळजवळ समांतर, शून्य ते पंधरा अंशात. दाब ५० ते १०० ग्रॅम, म्हणजे पेन हलकं टेकवल्याइतका. टिप सतत सरकती, एका जागी थांबवायची नाही. पॉवर कीटण निघेल इतकीच. मूळ उघडं असेल तिथं पॉवर उतरवून बारीक टिप लावायची.

मूळ उघडं असलं की एवढं जपायचं ते का, तेही सांगते. इनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण भाग आहे, वजनाच्या ९६ टक्के खनिज. नीट धरलेल्या टिपनं त्याला जाणवण्याजोगं काही होत नाही. मुळावर इनॅमल नसतं. तिथं सिमेंटम नावाचा थर असतो, मानेशी त्याची जाडी फक्त २० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाइतकी किंवा त्याहून कमी. त्याच्याखाली डेंटिन, म्हणजे दाताचा आतला मुख्य भाग. पाच-दहा टक्के दातांत तर इनॅमल आणि सिमेंटम एकमेकांना भिडतच नाहीत, मधली डेंटिनची पट्टी जन्मापासून उघडी असते. मशिन चुकलं तर ते इथं.

माणदेशी
मग हातानं करणारे डॉक्टर बरे. मशिन नकोच.

तासगाव_हायजिनिस्ट
दादा, हातानंच मुळावरून जास्त निघू शकतं. हातातलं अवजार धारेनं ओढायचं असतं, दाब जास्त लागतो. धार बोथट असेल तर कीटण निघायच्या ऐवजी घासून गुळगुळीत होतं, आणि मग ते ना तपासायच्या काडीला लागतं ना बोटाला. कोयत्यासारखं टोकदार अवजार फक्त हिरडीच्या वर वापरायचं, खाली गोल टोकाचं क्युरेट. मशिन आणि हात दोन्ही लागतात. कशानं केलं त्यापेक्षा कुठल्या कोनात आणि किती दाबून केलं, ते बघायचं.

अजिंक्यतारा
आता खरी इजा कशी दिसते ते. सहा गोष्टी सांगतो, यातली एखादी जरी असली तरी तपासून घ्यायचंच.

एकाच दाताला, एकाच जागी, खाच किंवा समांतर ओरखडे, आणि त्याच जागेला बोट लावलं की तीव्र कळ. सगळे दात थोडे थोडे शिवशिवणं वेगळं, हे वेगळं.

दाताच्या कडेला चमकणारा तुटका कोपरा, जीभ कापेल असा.

फिलिंगची किंवा कॅपची कड उचललेली. दात-रंगाच्या फिलिंगवर आणि सिरॅमिकच्या कॅपवर धातूची टिप थेट चालली तर ओरखडे पडतात, कड फुटते. धातूचे काळे पट्टेही उमटतात. ते पट्टे पॉलिशनं जातात, फुटलेली कड जात नाही. इम्प्लांट असेल तर वेगळी, प्लास्टिकसारख्या पदार्थाची किंवा टायटॅनियमची टिप लागते. खुर्चीत बसल्या बसल्या 'इथं कॅप आहे, इथं इम्प्लांट आहे' हे पेशंटनं सांगायलाच हवं.

गार लागल्यावर कळ ३० सेकंदांपेक्षा जास्त टिकणं, गरमनं दुखणं, रात्री आपोआप ठणका. ही नसेची लक्षणं आहेत. नसेला तापमान सोसत नाही. माकडांवरच्या १९६५ सालच्या प्रसिद्ध प्रयोगात दाताच्या आतलं तापमान साडेपाच अंशांनी वाढल्यावरच काही नसा मेल्या होत्या. कोरडं स्केलिंग म्हणून वाईट. पण बहुतेक वेळा अशा दाताला आधीपासूनच खोल कीड किंवा तडा असतो, हेही तितकंच खरं.

हिरडी फाटून लोंबणं, किंवा दोन दिवसांनंतरही आपोआप रक्त येत राहणं.

सूज, पू, ताप.

मावशींच्या दाढेचं (४) मला तड्यासारखं वाटतंय. एक करून बघा: भाकरी चावताना कळ दाबताना येते की चावून सोडताना? सोडताना सुईसारखी कळ येत असेल तर तडा गेलेल्या दाताचा संशय घट्ट होतो. मोठी जुनी चांदी असलेल्या दाढांत हे वारंवार सापडतं. चांदीच्या बाजूची भिंत वर्षानुवर्षं चावून चिरते.

कोयनाकाठ
विचारलं. सोडताना येते. आणि ऊस सोलताना त्याच बाजूनं सोलते म्हणाली.

अजिंक्यतारा
मग ऊस बंद, भाजलेले हरभरे, भडंगातले शेंगदाणे, सुपारी बंद, चावणं डावीकडून. एक्स-रेवर तडा बहुतेक दिसत नाही. तपासणाऱ्याला 'एकेका उंचवट्यावर चावून बघा' असं स्पष्ट सांगा. त्यासाठी प्लास्टिकचं छोटं पाचरीसारखं साधन असतं.

फार्मसी_विटा
शिवशिवण्यावर (२) दुकानात रोज विचारणा असते, म्हणून नीट लिहितो.

डेंटिनमध्ये बाहेरच्या बाजूपासून नसेपर्यंत जाणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यात द्रव असतो. गार, आंबट, वारा लागला की तो द्रव हलतो आणि नस ओरडते. उपाय दोनच: नस शांत करायची किंवा नळीचं तोंड बुजवायचं.

५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट नस शांत करते. तिला वेळ लागतो, रोज दोनदा वापरून दोन ते चार आठवडे. चार दिवसांत 'गुण नाही' म्हणून सोडू नका. आर्जिनिन, स्टॅनस फ्लोराइड किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असलेल्या पेस्ट नळ्यांची तोंडं बुजवतात. नाव बघू नका, पेस्टच्या ट्यूबमागचे घटक वाचा. ब्रश करून झाल्यावर वाटाण्याएवढी पेस्ट बोटावर घेऊन शिवशिवणाऱ्या दाताच्या मानेला मिनिटभर चोळायची, थुंकायचं, पाण्यानं खळखळून धुवायचं नाही. धुतलं की औषध गटारात गेलं.

क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश लिहून दिला असेल तर ०.२ टक्क्याचा, १० मिली, मिनिटभर, दिवसातून दोनदा, दोन आठवड्यांच्या पुढं नाही. टूथपेस्टनंतर लगेच घेतला तर पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यानं त्याचा असर मरतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. चहा-कॉफी त्याच्यानंतर लगेच नको, दातावर तपकिरी डाग बसतात. पुष्कळ जण हे डाग बघून 'साफ केलेले दात पुन्हा काळे पडले' म्हणून घाबरतात. ते डाग पॉलिशनं जातात.

कोमट मिठाचं पाणी चालेल, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा. मीठ दातावर घासायचं मात्र नाही. लाल मंजन, कोळशाची पावडर, व्हाइटनिंगची पेस्ट, सगळं बाजूला ठेवा.

हिरडीतज्ज्ञ_मिरज
फार्मसीवाल्यांनी नेमकं लिहिलं. भर एवढीच की एक-दोनच जागा जास्त त्रास देत असतील तर खुर्चीत ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश लावता येतं. दहा मिनिटांचं काम. लावल्यावर चारेक तास कडक आणि गरम खायचं नाही, त्या रात्री ब्रश नाही. दात पिवळट दिसतील, दुसऱ्या दिवशी जातं.

आता तपासणीला जाताना काय मागायचं:

प्रत्येक दाताभोवती सहा जागी हिरडीची खोली मिमीमध्ये मोजून लिहून द्या म्हणा. १ ते ३ मिमी ठीक, ४ पासून पुढं लक्ष द्यायचं. कुठं रक्त आलं त्याची खूण. कोणता दात किती हलतो: आडवा १ मिमीपर्यंत पहिली पायरी, त्याहून जास्त दुसरी, आणि वर-खालीही हलला तर तिसरी. खालच्या पुढच्या दातांचा आणि त्या दाढेचा लहान एक्स-रे. तीन महिन्यांतला एचबीए१सी (सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) नसेल तर तोही करून न्या, कारण साखर वाढलेली असली की हिरडी भरत नाही, आणि हिरडीची सूज राहिली की साखर आटोक्यात येत नाही. गाल, जीभ आणि मिश्री लावायची जागा पांढऱ्या-लाल चट्ट्यांसाठी बघायला सांगा. पंचवीस वर्षांच्या मिश्रीनंतर हे बघणं दातांपेक्षा महत्त्वाचं आहे.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही. हृदयाची झडप बदललेली असेल तर स्केलिंगच्या आधी अँटिबायोटिक लागतं, ते आधी सांगायचं. मावशींना यातलं काही नसेल तर सोडून द्या.

कराडहून मलकापूरचं डेंटल कॉलेज जवळ पडेल. सांगलीकडं यायचं झालं तर वानलेसवाडीला आणि कवलापूरला कॉलेजं आहेत. कॉलेजात हिरड्यांचा विभाग वेगळा असतो, मोजमापाचा तक्ता तिथं भरतातच. सकाळी लवकर केस पेपर काढा.

ग्राहक_सातारा
एक जोड. जिथं स्केलिंग केलं तिथून पावती, काय केलं त्याची नोंद आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लेखी मागून घ्या, भांडण न करता. नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडं असते. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. तक्रार जिल्हा आयोगात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पण आधी दुसऱ्या डॉक्टरांचा लेखी अहवाल हातात हवा. 'फटी पडल्या' यावर तक्रार टिकणार नाही, हे वरचे प्रतिसाद वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल.

माणदेशी
पॉलिशिंगबद्दल कुणी बोललं नाही. त्यानं इनॅमल जातं म्हणतात.

तासगाव_हायजिनिस्ट
जातं, पण काही मायक्रॉन, तेही भरड पेस्टनं आणि वेगात केलं तर. रबराचा कप कमी वेगात, हलक्या दाबानं, बारीक पेस्ट, एका दातावर दोन-पाच सेकंद. उघड्या मुळावर भरड पेस्ट नाही. डाग नसतील तिथं पॉलिश केलंच पाहिजे असं नाही. पावडरच्या फवाऱ्याचं मशिन असेल तर मुळाशी ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉलची पावडर, खायच्या सोड्याची नाही. ती मुळाला खरवडते.

पॉलिशनंतर दातावरचा लाळेचा नैसर्गिक पापुद्रा निघालेला असतो, तो पुन्हा बसेपर्यंत रंग लवकर धरतो. एक दिवस हळदीचा रस्सा, कोरा चहा टाळलेला बरा.

अजिंक्यतारा
मी पॉलिशच्या बाजूनं थोडा जास्त आहे. मशिनचे बारीक ओरखडे तसेच ठेवले तर त्या खडबडीत जागेवर प्लाक लवकर बसतो. मिश्रीचे डाग असलेल्या पेशंटमध्ये तरी पॉलिश टाळू नये. बारीक पेस्टबद्दल ताईंशी पूर्ण सहमत.

कोयनाकाठ
कॉलेजात दाखवून आलो. जे लिहून मिळालं ते देतो, इतरांनाही उपयोग होईल.

तुकडा कीटणाचाच. खालच्या पुढच्या चार दातांचं हाड एक्स-रेवर जवळपास निम्मं गेलेलं, खोली ४ ते ५ मिमी, मधले दोन दात पहिल्या पायरीचे. हे स्केलिंगनं झालेलं नाही, वर्षानुवर्षांचं आहे, असं स्पष्ट सांगितलं. हलणं चार ते सहा आठवड्यांत कमी होण्याची शक्यता आहे, तेव्हा पुन्हा मोजणार. तोवर दात काढायची घाई नाही. गरज पडली तर मागून तारेनं बांधणार.

दाढेत तडा निघाला, आतल्या बाजूच्या उंचवट्याखाली. चांदी काढून बघणार, नस ठीक असेल तर पूर्ण कॅप. स्केलिंगशी संबंध लावता येत नाही म्हणाले.

सुळ्याच्या मुळाशी मात्र दोन्ही गोष्टी होत्या. वर राहून गेलेलं कीटण, आणि त्याच्याशेजारी दोन-तीन समांतर खाचा, ताज्या. टिपचं टोक लागलं असावं, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. खोल नाहीत. गुळगुळीत करून व्हार्निश लावलं. बोट लावल्यावर येणारी कळ बरीच कमी झाली.

चट्टा नाही. एचबीए१सी ८.४ आलं, त्यासाठी फिजिशियनकडं पाठवलंय. मिश्री मावशीनं बंद केलीय, पण आता ब्रश करताना रक्त येतंय, आधी येत नव्हतं. ते काय?

हिरडीतज्ज्ञ_मिरज
तंबाखू सुटली की आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, आणि दबलेली सूज रक्तातून दिसायला लागते. काही आठवडे येईल. घाबरून ब्रश थांबवला की प्लाक साठतो आणि रक्त वाढतं, आणि त्याच वेळी माणूस पुन्हा मिश्रीकडं वळतो. मावशींना हे आधीच सांगून ठेवा.

हिरडीखालचं उरलेलं काम टप्प्याटप्प्यानं करून घ्या. सहा आठवड्यांनी मोजमाप, नंतर दर तीन महिन्यांनी. सहा महिन्यांचं अंतर निरोगी हिरडीच्या माणसासाठी आहे. मधुमेह आणि हाड झिजलेलं असताना तीनच धरा.

कोयनाकाठ
शेवटचं. त्या फटीत भाकरीचा कण अडकतो. मावशी टाचणी घालते. काय द्यायचं?

तासगाव_हायजिनिस्ट
टाचणी, काडी, दोरा सगळं काढून घ्या. फट मोठी असेल तिथं फ्लॉसपेक्षा दातांमधला छोटा ब्रश चांगला. वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. जोर न लावता आत जाईल आणि केस दोन्ही दातांना टेकतील, तो मापाचा. एका माणसाला दोन मापं लागू शकतात, म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच मोजून घ्या. रोज रात्री एकदा, पेस्ट न लावता, हिरडीच्या वरून आत सरकवून तीन-चारदा पुढंमागं. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका, पंचेचाळीस अंशात, दोन मिनिटं, आडवं रगडायचं नाही. आंबट खाल्ल्यावर अर्धा-पाऊण तास ब्रश नाही.

आणि दातांमधला ब्रश घेताना मधल्या तारेवर प्लास्टिकचा लेप आहे ना, ते बघा. उघडी तार रोज घासली गेली तर त्या उघड्या मुळावर पुन्हा ओरखडे पडतील. केस बसले किंवा तार वाकली की तो टाकून नवा घ्यायचा.